वीस आठवड्यांचं पोट

"भाईसाब, ये बीस हफ्ते का पेट नहीं है," चेक-इन काउंटरवरची शहनाझ म्हणाली आणि तिने चिठ्ठी परत सरकवली.

"मॅडम, डॉक्टर का स्टॅम्प है, ड्यू डेट लिखी है. हिसाब कर लो," विजयकुमारने आवाज चढवला. "ट्विन्स हैं, इसलिए बडा दिखता है."

नेहमी खोटं बोलणाऱ्याला एकदा खरं बोलायची संधी मिळाली की तो चेकाळतो. विजयकुमारचं तसंच झालं होतं. मागे दुबई विमानतळाची लांबलचक रांग होती. २००९चा मार्च महिना. कंपन्यांनी टॉवर अर्धे सोडले होते आणि इंजिनिअर पुरे. त्यांतलाच हा एक, व्हिसा रद्द होऊन बायकोसह पुण्याला निघालेला.

शहनाझ उठून उभी राहिली. "मेरे भी जुडवाँ हैं. बीसवें हफ्ते में मैं यहीं ड्यूटी करती थी. इनकी तो साँस फूल रही है. आपने डॉक्टर को दिखाया?"

विजयकुमारने वळून पाहिलं. अनुपमा सुटकेसवर टेकली होती, नवव्या महिन्यासारखं पोट दोन्ही हातांनी सावरत. दहा दिवस ती बसूनच झोपत होती. सातव्यात कोण दुबईत असेल, कोण नसेल, म्हणून डिस्कव्हरी गार्डन्स या त्यांच्या वसाहतीतल्या बायकांनी पाचव्यातच डोहाळजेवण उरकलं होतं. भरल्या पोटाचं कौतुक करून दृष्टही काढली होती.

"दिखाया है ना," अनुपमाच म्हणाली. "ये फोन करते हैं हर हफ्ते."

विजयकुमारच्या कानशिलांना घाम फुटला. एकाच वारेवर पोसणारी जुळी आहेत, दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग नोकरी गेली आणि तिच्याबरोबर विम्याचं कार्डही. क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट त्याला 'इंजिनिअरसाहेब' म्हणायची. तिच्यासमोर, ओळखीच्या चार लोकांत, कार्ड चालत नाही हे ऐकायची त्याला लाज वाटली. म्हणून तो बाल्कनीत जाऊन बंद फोन कानाला लावायचा, दोन-चार वेळा 'येस डॉक्टर' म्हणायचा आणि आत येऊन सांगायचा, "जुळ्यांत असंच असतं म्हणाले. इंडियात गेल्यावर दाखवा."

विमान त्यांना न घेताच गेलं. अनुपमाला विमानतळावरून थेट सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी सोप्या हिंदीत सांगितलं की, वार एकच असल्याने एका बाळाकडे रक्त जास्त जातंय. त्याच्याभोवती पाणी भलतंच साठलंय, दुसऱ्याभोवती जवळजवळ नाहीच. दोन आठवडे आधी आला असतात तर बरंच करता आलं असतं. त्यांनी सुईने दोन लिटरच्या वर पाणी काढलं. अनुपमा कित्येक दिवसांनी आडवी झोपली. पण सकाळच्या तपासणीत कमी पाण्यातल्या बाळाचा ठोका लागला नाही.

दुपारी पुण्याहून तिच्या आईचा फोन आला. रडून रडून अनुपमाचा आवाज बसला होता.

"आई, यांचा काही दोष नाही गं. दर आठवड्याला फोन करायचे. तो डॉक्टरच निष्काळजी निघाला." थोडं ऐकून तिने फोन विजयकुमारपुढे धरला. "बाबा म्हणतायत, त्या डॉक्टरवर कम्प्लेंट करायची. केव्हा केव्हा फोन केलात ते तुम्हीच सांगा."

त्याने फोन घेतला. आता गप्प बसलो तर एका भल्या माणसाचं नाव खराब होईल, आणि बोललो तर हिचं तोंड बघता येणार नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"आई, मी डॉक्टरांना फोन केलाच नव्हता. एकदाही नाही."

अनुपमाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या बाळाचा ठोका अजून ज्या बाजूला लागत होता, त्या बाजूवर हात ठेवून ती हळूच भिंतीकडे वळली.