घासातील गोळी

गोरक्षचे झेंडूचे वावर इंदिरानगरच्या शेवटच्या बंगल्यांना अगदी खेटून होते. वावराच्या कोपऱ्यातील पत्र्याच्या घरात त्याची आई कुसाबाई एकटीच राहत असे. गोरक्ष बायकोमुलांसह गावात राहत होता, आणि आईने कितीही सांगितले तरी ते घर सोडले नव्हते. तिच्या सोबतीस एकच जीव होता, तो म्हणजे झेंड्या नावाचा तांबूस-पिवळा कुत्रा. सायंकाळी फुलांची पोती बांधून गोरक्ष निश्चिंत मनाने घरी परतत असे, तो या मुक्या प्राण्याच्या भरवशावरच.

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्या झेंड्याने अन्न टाकले. अंग तापले, डोळ्यांतील तेज गेले आणि तो गोणपाटावर निपचित पडून राहू लागला. गोरक्षने त्याला पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरून जनावरांच्या डॉक्टर हर्षाली यांच्या दवाखान्यात नेले. रक्त तपासून त्या म्हणाल्या, "गोचिडांमुळे आलेला ताप आहे. वजन करून गोळ्या देते. अख्खी गोळी भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायची आणि वर पाणी पाजायचं. दुधातून मात्र नको. आणि बरा दिसला म्हणून मध्येच थांबायचं नाही."

गोरक्ष मान हलवीत होता खरा, तथापि त्याचे चित्त फुलबाजाराकडे लागलेले होते. वावरात आल्यावर त्याने आईच्या हाती गोळ्या ठेवल्या. "सकाळ-संध्याकाळ भाकरीतून दे," एवढेच सांगून तो निघून गेला.

कुसाबाई मात्र गोळ्यांकडे पाहत विचारात पडली. त्यांच्या घराचे कुलदैवत खंडेराव, आणि कुत्रा हा त्या देवाच्या संगतीचा. म्हणून स्वतः जेवायला बसण्यापूर्वी भाकरीचा पहिला घास झेंड्यापुढे धरावयाचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम होता. आजारातही तो तिच्या हातचा तेवढाच घास घेत असे. दुसऱ्या कोणत्याही भाकरीला तोंड लावत नसे. त्या विश्वासाच्या घासात कडू औषध लपवावयाचे, हे तिच्या मनाला पटेना. शिवाय औषध उष्ण पडते, ते दुधातूनच द्यावे, असे तिने आपल्या लेकरांच्या बाबतीतही पाळले होते. तिने गोळी कुटली, गोरक्षच्या घरून येणाऱ्या गाईच्या दुधात कालवली आणि वाटी झेंड्याच्या तोंडाशी धरली.

झेंड्या दूध चाटीत राहिला, परंतु ताप हटेना. उलट तो अधिकच खंगला. एके सकाळी तर त्याला उठून उभेही राहता येईना.

"औषधच कमी पडतंय," गोरक्ष म्हणाला. "झेंडूवरची कीड हटली नाय तर पंपात एक झाकण वाढवतोच ना आपण? आज दोन गोळ्या दे."

"मी नाय देणार," कुसाबाई म्हणाली. "आधी बाईंना इचार. तुझ्या हातात पंप आला म्हंजी तू डागदर झाला काय?"

अखेर दोघे मिळून झेंड्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेले. गोरक्षने दुप्पट मात्रेचा विषय काढताच हर्षालीताई खुर्चीत ताठ बसल्या.

"गोरक्षभाऊ, कुत्रं आहे ते, झेंडूचं रोप नाही. फवारा नका मारू त्याच्यावर! माप वजनावर ठरतं, वाढवलंत तर बाधेल. बरं, गोळी कशातून देता?"

"दुधातून, बाई," कुसाबाई सरळपणे उत्तरली. "घरच्या गाईचं हाय. पाणी नाय घातलं त्यात."

डॉक्टरांनी गोरक्षकडे पाहिले. त्याने मान खाली घातली.

"आजी, दूध चांगलंच असेल," त्या सौम्यपणे म्हणाल्या, "पण या औषधाला दूध धरून ठेवतं, अंगात नीट भिनू देत नाही. तुम्ही औषध पाजलंत, ते त्याला पुरतं पोचलंच नाही. आता भाकरीतूनच द्या, वर पाणी पाजा, आणि हे पाकीट संपेपर्यंत थांबू नका."

कुसाबाईने झेंड्याच्या पाठीवर हात ठेवला. परतताना वाटेत गोरक्ष म्हणाला, "आई, त्यांनी मला दुधाचं सांगितलं व्हतं. मीच तुला बोललो नाय."

"तू कवा पुरतं ऐकतोस?" एवढेच ती म्हणाली.

त्या दुपारी तिने बाजरीची भाकरी केली आणि ताट पुढ्यात घेऊन ती झेंड्यासमोर बसली. पहिला घास मोडला. दुसऱ्या हातात गोळी होती. गोरक्ष दारात उभा राहून पाहत होता. आता हा जीव वाचणे न वाचणे त्या एका घासावर येऊन ठेपले आहे, हे तो जाणून होता.

कुसाबाईने गोळी झेंड्याच्या नाकापाशी धरली. "हे बघ. कडू हाय. लपवून नाय घालीत, तुला दावून घालते. घ्यायचं तर घे बाबा."

तिने त्याच्या देखत गोळी घासात दाबली आणि हात पुढे केला. झेंड्याने हुंगले. क्षणभर मान फिरविली. नंतर तिच्या तळहातावरून घास उचलला आणि सावकाश गिळला. तिने लगेच पाण्याची वाटी पुढे केली.

पुढे ताप उतरला. हळूहळू झेंड्या बांधापर्यंत जाऊ लागला, आणि एके दिवशी बंगल्यावाल्यांच्या दूधवाल्यावर असा काही भुंकला की बिचारा सायकलीसह ओहळात उतरला. गोरक्षला हसू आवरेना.

"झालं आई, ठणठणीत झाला गडी. उरलेल्या गोळ्या राहू दे, पुढं कवा कामाला येतील."

"फवारणीचं औषध हाय काय ते, माळ्यावर उरवून ठेवायला?" आई कडाडली. "बाईंनी सांगितलं तवर देणार. मी पुरतं ऐकलंय."

आणि खरोखरच पाकीट रिते होईपर्यंत तिने तो नेम मोडला नाही. प्रत्येक वेळी गोळी आधी दाखविली, मगच घासात घातली.

पाकीट संपल्यानंतरच्या जेवणाला तिने नुसत्या भाकरीचा घास पुढे धरला. झेंड्या तो हुंगत राहिला, आणि मग त्याने तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिले. कुसाबाईने तो रिकामा हात त्याच्यापुढे उघडून धरला.

"आज काय नाय त्यात. खा."

झेंड्याने घास घेतला. मग कुसाबाई जेवली.