पंख्यावरचा सेन्सर

फोरमनला साडू डोळ्यांसमोर नको असायचा, आणि मालकाने नेमकं त्यालाच कारखान्यात आणून उभं केलं. साडूने मोठ्या प्रेसला चुंबकाने सेन्सर चिकटवला आणि कोपऱ्यात एक डबा बसवला. सेन्सर मशीनची थरथर मोजणार, डबा ती तपासून क्लाउडवर धाडणार आणि मालक घरबसल्या मोबाइलवर बघणार, मशीन चालू आहे की बंद.

"आता चहाच्या नावाखाली मशीन झोपवता यायचं नाही हं, साडूभाऊ," साडू सगळ्यांसमोर म्हणाला.

फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साडूची पाठ वळताच त्याने सेन्सर उपटला आणि दिवसभर गरगरणाऱ्या एक्झॉस्ट पंख्याच्या चौकटीवर नेऊन थापला. "मोज म्हणावं आता वारा!" मोबाइलवर भलतंसलतं दिसेल आणि साडूचं नाक कापलं जाईल, या आनंदात त्याने त्या दिवशी दोनदा चहा घेतला.

आठवड्याने मालकाने दोघांना प्रेससमोर बोलावलं. त्याने मोबाइल फोरमनच्या नाकासमोर धरला.

"मशीन दिवसभर थांबत नाही. मग गोदामात माल निम्माच कसा? बाकीचा कोणाच्या घशात घातलास?"

खरं सांगावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर चोर ठरणार. फोरमनने आशेने साडूकडे बघितलं.

साडूने मान वर करून पंख्यावरचा सेन्सर नीट न्याहाळला. मग तो गोड हसला.

"सांगा ना साडूभाऊ, माल कुठे जातो?"