चाळीस तासांची सही

कार्यालयात नवं पत्रक आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाठ आहे. यातून सुटायचं कसं? यवतमाळच्या एका प्रशिक्षण केंद्रातही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोच प्रश्न विचारला गेला.

या केंद्रात बालवाडीच्या शिक्षिका तयार होत. रत्नप्रभा देशकर तिथे एकोणीस वर्षं शिकवत होत्या. खणखणीत आवाज, फळ्यावर सुरेख अक्षर, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल असा दरारा. आणि आता पत्रक म्हणत होतं, शिक्षिकांना शिकवणाऱ्यांकडेही स्वतःचं प्रमाणपत्र हवं! त्यासाठी चाळीस तास एखाद्या बालवाडीत मुलांमध्ये काम करायचं, तिथल्या शिक्षिकेची त्यावर सही आणायची आणि मग परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक द्यायचं. मार्चअखेर प्रमाणपत्र नसेल, तर वर्ग घेता येणार नाहीत.

रत्नप्रभाबाईंनी पत्रक तीनदा वाचलं. एम.ए. झालेल्या बाई, पण खरं सांगायचं तर तीन वर्षांच्या वीस मुलांसोबत त्या आयुष्यात एक अख्खा दिवस बसल्या नव्हत्या. आधीच्या बाईंनी जाताना टिपणांची वही दिली होती, तीच त्या शिकवत आल्या होत्या. परीक्षकांसमोर हात थरथरले तर? साधाच प्रश्न आला आणि उत्तर सुचलं नाही तर? 'देशकर मॅडम नापास' ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार! नवऱ्यालाही त्यांनी पत्रक दाखवलं नाही.

केंद्रप्रमुख सदाशिवराव मात्र निवांत होते.

"कायले घाबरता मॅडम? बोरी अरबकडे तुमची जुनी विद्यार्थिनी आहे ना, लीलाबाई? तिथं जा, चहा प्या, फॉर्मवर चाळीस तासांची सही घेऊन या. प्रात्यक्षिकाचं मग पाहू. एकोणीस वर्षं शिकवणाऱ्या बाईची परीक्षा घेणारे हे कोण टिकोजीराव?"

रत्नप्रभाबाईंना हायसं वाटलं. भीती गेली नाही, पण पर्सच्या आतल्या कप्प्यात फॉर्मसोबत घडी घालून ठेवता आली.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी त्या बसने निघाल्या. बोरी अरबच्या अलीकडे एका खेड्यात महिला मंडळाची बालवाडी होती. लीलाबाई शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, तिथे बारा वर्षं मुलं सांभाळत होत्या. त्या दिवशी बालवाडीत मुलांचं बोरन्हाण होतं. आपल्या विदर्भात त्याला लूट म्हणतात. मुलांच्या डोक्यावरून खाऊ ओततात आणि पोरं तुटून पडून वेचतात. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून रत्नप्रभाबाईंनी निघताना यवतमाळच्या बाजारातून किलोभर गावरान बोरं आणि गोळ्या घेतल्या.

"या जी मॅडम, या!" लीलाबाई लगबगीने पुढे आल्या. पिशवीत डोकावल्या आणि थबकल्या. "मॅडम, बोरं नका टाकू. मी आवंदा निस्ते मुरमुरेच घेतले. लहान लेकरं हायेत…"

"अहो लीलाबाई, बोरांशिवाय कसलं बोरन्हाण?" रत्नप्रभाबाई हसल्या. "द्या इकडे ती सुपली."

लीलाबाईंनी सुपली त्यांच्या हातात दिली. मॅडमच त्या. मॅडमना नाही कोण म्हणणार?

मुरमुरे, गोळ्या, बोरं धो धो ओतली. एकच गिल्ला झाला! रत्नप्रभाबाई टाळ्या वाजवत होत्या, मोबाईलवर फोटो काढत होत्या. फोटोत कोपऱ्यात एक पोर दिसली. सगळे पळत होते आणि ती उभी होती. हिरवं परकर-पोलकं, दोन्ही हात गळ्याशी. ती रडत नव्हती, खोकतही नव्हती. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच आवाज येत नव्हता.

"अर्पिता!" लीलाबाई ओरडल्या.

पण रत्नप्रभाबाई जवळ होत्या. त्यांनी पोरीला धरलं आणि एकोणीस वर्षं जे शिकवलं, तेच त्यांच्या हातांनी केलं. टाळूवर थोपटलं. "वर बघ, बाळा, वर बघ!" मग तोंडात बोट घातलं. बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि ते निसटून आणखी आत गेलं. पोरीचे ओठ काळेनिळे पडू लागले. डोळे वर गेले. पुढचं पान वहीत नव्हतंच!

"सोडा तिले! सोडा म्हनतो ना!"

लीलाबाईंनी मॅडमना चक्क ढकललं. गुडघा टेकून बसल्या, पोरीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध, तळहाताने जोरात हाणलं. एक. दोन. तीन. रत्नप्रभाबाईंना वाटलं, आता सगळं संपलं. चार!

बोर टुणकन जमिनीवर पडलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग अर्पिताने भोकाड पसरलं. असं गोड रडणं रत्नप्रभाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

पोरीला आरोग्य केंद्रात दाखवून आणलं, आईच्या हवाली केलं. दुपार कलली. बालवाडीत आता दोघीच होत्या.

"लीलाबाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

लीलाबाई खाली पाहत सांडलेले मुरमुरे झाडत होत्या. "लसीकरनाच्या नर्सबाईनं. मांगच्या वर्सी एका लेकराच्या गळ्यात शेंगदाना अटकला व्हता. मी तुमी शिकवलं थेच केलं. वर पाहा म्हनलं, बोट घातलं. लेकरू निळं पडलं. थ्या दिवशी नर्सबाई इथं व्हत्या म्हनून वाचलं. मंग म्या त्याइच्यापासून शिकून घेतलं. आवाज निंगत असन तर खोकू द्याचं, आवाज बंद झाला तर पालथं घेऊन पाठीवर हानाचं. अटकलेलं दिसत नसन तर तोंडात बोट कधीच नाई घालाचं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"भेव वाटलं जी." लीलाबाईंचा आवाज बारीक झाला. "पहिले वाटलं मीच ऐकन्यात चुकलो असन. मंग वाटलं, मॅडमले कसं सांगाव? आजबी पाहा ना, बोरं नको म्हनून पुरतं बोलता नाई आलं."

रत्नप्रभाबाईंना रडू कोसळलं. एका भित्र्या बाईने शिकवलं आणि दुसऱ्या भित्र्या बाईने ते मुकाट ऐकलं, आणि या दोघींच्या भीतीची शिक्षा आज अर्पिताच्या गळ्याला होणार होती!

लीलाबाईंनी चुलीजवळच्या खिळ्याला अडकवलेली एक वही काढून आणली. "हे पाहा. रोजची खिचडी पहिले मी चाखतो. अर्धा घंटा थांबतो. मंग सही करतो अन् मंगच लेकराइच्या ताटात वाढतो. बारा वर्सं झाली, एक दिवस नाई चुकला. मॅडम, रागाऊ नका, पन तुमी जे आमाले शिकवता, थे कोनं चाखून पाह्यलं? तुमच्या हाताखालून एवढ्या बाया गेल्या. एकीच्या खिचडीत खडा असला तर वीस लेकराइले. तुमच्यात खडा असला तर किती लेकराइले?"

रत्नप्रभाबाईंनी डोळे पुसायला पर्स उघडली. रुमाल काढताना फॉर्म बाहेर आला. लीलाबाईंनी तो पाहिला, मुकाट्याने पदराला हात पुसले आणि पेन उचललं.

"कुठं करू सही? सदाशिवरावाइचा फोन आला व्हता. चाळीस तास लिवाचे ना?"

इतकं बोलूनही ही बाई सही करणार होती! मॅडमना नाही कसं म्हणायचं, म्हणून!

"थांबा!" रत्नप्रभाबाईंनी फॉर्म ओढून घेतला. "नको! ती सही करू नका, लीलाबाई. आणि यापुढे कोणत्याच मॅडमला भिऊन सही करू नका."

मग त्यांनी पेन घेतलं आणि पहिल्या रकान्यात आजची तारीख घालून स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'तीन तास.' शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'प्रथमोपचार येत नाही.' "आता इथे करा सही. उरलेले सदतीस तास मी येते. मला शिकवाल ना?"

सोमवारपासून त्या रोज पहिल्या बसने बालवाडीत येऊ लागल्या. नाकं पुसली, मुलांच्या भांडणात पडल्या, एकदा चावाही खाल्ला. पण त्याहून कठीण काम घरी होतं. एकोणीस वर्षांच्या हजेरीपटांवर चारशे बारा नावं होती. कुठे वणी, कुठे उमरखेड, कुठे पार तेलंगणाच्या सीमेवर. चारशे बारा बाया ठसका लागलेल्या लेकराला 'वर बघ' म्हणत असतील! त्या एकेकीला फोन लावत आणि सांगत, "मी देशकर मॅडम. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. नीट ऐका आणि नर्सबाईंकडून करून घ्या." कुणी पुन्हा सांगायला लावलं, कुणी रडली. ढाणकीची नलू म्हणाली, "मॅडम, मी तर ते पुढं बारा जणींना शिकवलं." रत्नप्रभाबाईंनी यादीत आणखी बारा नावांसाठी रेघा आखल्या.

सदाशिवराव चिडले. "केंद्राचं नाव घालवता काय?"

"नाव परत मिळेल सर," त्या म्हणाल्या. "लेकरू मिळणार नाही."

मार्चमध्ये परीक्षकांसमोर उभं राहताना त्यांचे हात थरथरलेच. पण काय करायचं ते हात विसरले नाहीत. प्रमाणपत्र मिळालं, ते त्यांनी चौकटीत लावलं नाही. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ते बाकांवरून फिरवलं आणि म्हणाल्या, "पुढे कोणीही तुम्हाला शिकवायला उभं राहिलं, की आधी हे मागा. मी उभी राहिले तरी मागा!"

वाचकहो, परीक्षेची भीती कुणाला नसते? पण आपण नापास झालो तर आपली मान खाली जाते, एवढंच. जो स्वतःला तपासू देत नाही आणि तरी शिकवत राहतो, त्याच्या चुकीची किंमत ज्याला अजून बोलताही येत नाही असं लेकरू मोजतं. सही खोटी असली की पुढचं सगळं खोटं.

त्या चारशे चोवीस नावांपैकी पंधरा जणींचे नंबर अजून लागत नाहीत. रत्नप्रभाबाई रोज सकाळी ते लावून पाहतात. त्या पंधराजणी कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी बालवाडीत आज मुलांना सांभाळत असतील. कदाचित तुमच्याच गावात. तुमचं लेकरू जिथे जातं तिथे उद्या जा आणि विचारा, बाई, तुम्हाला कोणी शिकवलं? आणि त्यांना कोणी तपासलं? विचारायला भिऊ नका.