फर्डिनंडचा पिळाचा पास्ता

पाचूबंदरच्या फर्डिनंडने वीस वर्षं बोटीवर भांडी घासली आणि वीस वर्षं गावाला सांगितलं की आपण कुक आहोत. थाप एकदा मारली की ती पोसावी लागते. त्याने ती चांगली बाळसेदार केली होती. कप्तान म्हणे त्याच्या हातचं खाल्ल्याशिवाय नांगरच उचलत नसे.

ऐंशी साली तो कायमचा घरी आला आणि लेकीच्या, ग्रेसीच्या साखरपुड्यात व्याही बेनेडिक्ट यांनी त्याला गाठलं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून जेवायलाच येतो म्हणाले, कुकाच्या हातचं.

घरात पास्ता होता. शेवटच्या फेरीत इटलीतल्या जिनोआच्या दुकानातून त्यानेच निवडून आणलेला. दुकानात लांब शेवयांसारखा होता, नळ्यांचा होता. याने मळसूत्रासारखा पिळाचा घेतला. रांधण्यातलं त्याला कळत नव्हतं, पण उष्ट्या ताटल्यांतलं कळत होतं. लांब पास्त्याच्या ताटल्यांत रस्सा उरून यायचा. पिळाच्या ताटल्या पुसून काढल्यासारख्या यायच्या, कारण रस्सा पिळात बसायचा.

रविवारी बायकोला, मटिल्डाला चुलीपुढून उठवून तो रुबाबात बसला. थंड पाण्यात पास्ता ओतणार, तोच तिने मनगट धरलं.

"पानी उकळू द्या आदी," ती म्हणाली. "तुमच्या कप्तानाला घाई असल, आपल्याला नाय."

मग तिनेच भाताचं शीत दाबावं तसा एक तुकडा चिमटीत दाबून पाहिला, भातासारखाच पास्ता वेळून पाणी काढलं आणि तो कोळंबीच्या दाट रश्श्यात घोळवला. फर्डिनंड पळी धरून नुसता उभा. लाज तर वाटतच होती, पण भीती जास्त होती. ही पाहुण्यांदेखत बोलली, तर पोरीला सासरी जन्मभर बापावरून टोमणे.

पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं. हे रांधलं कोणी, असं बेनेडिक्टनी विचारलंच.

"यांनीच," मटिल्डा म्हणाली. "मला चुलीजवळ फिरकू दिलं नाय."

पाहुणे गेले. ताटल्या लख्ख होत्या. फर्डिनंडने सवयीने बाह्या सारल्या आणि ढीग उचलला. मटिल्डाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. तेव्हा त्याने हळूच विचारलं, तुला कधीपासून ठाऊक?

"पैल्या रजेला आलात तवापासून. हाताला चटका एक नाय, नि बोटं सगळी भांड्यांच्या सोड्याने खाल्लेली." ती मोरीशी बसली. "व्हा बाजूला. कुक भांडी घासत नाय."