नावाची आंघोळ

माणूस गेल्याचा सांगावा आला की घरच्यांनी त्याच्या नावानं आंघोळ करायची, अशी रीत. भिकाबाई पोटभर रडली होती, पण आंघोळ तिनं केली नव्हती. तीन साल होत आले.

डोंगरकड्याच्या शिवाराला लागून तिचा बंजाऱ्यांचा तांडा. एकुलता एक प्रेमदास कोकणात कामाला गेला. दर्यातला कुठलासा जुना किल्ला, त्याच्या धक्क्याची डागडुजी. पावसाळ्याच्या तोंडावर सोबतच्या एका गड्याचा फोन आला. लाट आली, प्रेमदासचा पाय घसरला, पाण्यानं नेला. लाश काही सापडली नाही.

"लाश न्हाई तर मरण न्हाई," भिकाबाईनं सांगून टाकलं. "माझ्या पोरानं सिद्धेश्वरच्या धरणात भर पाण्यात म्हशी धुतल्या हायेत. त्याला पाणी बुडवत न्हाई."

आणि दुसऱ्याच दिवशी तिनं कोनाड्यातून आपली जुनी घुगरी काढली. कानाशी केसांत अडकवायची चांदीची जोडी, खाली बारीक घुंगरांचे झुबके. नवरा जिवंत असणारीनं घालायची. भिकाबाईच्या केसांतून ती नवरा थावरा गेला तेव्हाच उतरली होती. सून दिपाच्या वयाच्या पोरी आता घुगरी घालत नाहीत. साडी नेसतात, पिना लावतात, मोबाइल बघतात. पण भिकाबाईनं सुनेच्या केसांत ती अडकवली, आणि तेव्हापासून दिपा हळदीच्या रानात वाकली तरी वाजे, हापशावर गेली तरी वाजे. साऱ्या तांड्यानं ऐकावं की माझा लेक हाय.

दिपा कधी बोलली नाही. रात्री कूस बदलली की घुंगरं किणकिणत, आणि भिकाबाईला वाटे, घरात माणूस आहे.

पण दिपाचा बाप दोनदा येऊन गेला. तिकडं एक चांगला माणूस तिला पदरात घ्यायला तयार होता. शेवटी तांड्याच्या नाईकानं चारचौघांत सांगितलं, "भिकाबाई, पोरगी अजून पंचविशीची न्हाई. तिला ना सवाष्णीचं सुख, ना रांडावाचं दुःख. जिथं तो गेला तिथं जा, आंघोळ करून ये. होळीच्या आत पोरीला मोकळी कर."

मोकळी कर! म्हणजे घर मोकळं कर. ते कुणी म्हणालं नाही, पण भिकाबाईला तेच ऐकू आलं.

वसराम त्याच तांड्याचा. वारंगा फाट्यावर त्याची जीप असे, भाड्याची. दिवाळीत तो कुणाला तरी घेऊन कोकणात जाऊन आला होता, आणि आल्यापासून भिकाबाई समोर दिसली की रस्ता बदलायचा. एक दिवस आपणहून आला.

"काकी, डोंगरकड्याचे व्यंकटराव घरच्यांना कोकण दाखवायला घेऊन चालले. मागं दोन जागा रिकाम्या हायेत. तुमी दोघी चला. तो किल्ला एकदा डोळ्यानं पाहून घ्या."

"काहून रे?"

"पाहून घ्या, बस," वसराम म्हणाला आणि लख्ख पुसलेली काच पुन्हा पुसू लागला.

भिकाबाई निघाली ती आंघोळ करायला नाही. मनात तिनं वेगळंच बांधलं होतं. हिंडेन, विचारेन, पोराला धुंडून आणीन. तिनं ठेवणीतला आरशांचा घागरा, फेट्या, नेसला, कवड्यांची चोळी, कांचळी, घातली. लांबून ओळखू यावी म्हणून.

*

व्यंकटरावांची बायको नर्मदाबाई तोंडानं सैल आणि मनानं मोकळी. किल्ल्याला न्यायची शिडाची होडी धक्क्यापाशी डुलत होती. वसराम गाडीपाशीच थांबला. नर्मदाबाई होडीत चढल्या आणि दोन्ही हातांनी फळी धरून बसल्या.

"भिकाबाई, तुमी आपल्या मधोमध बसा. तुमचे आरसे पाहून मासे वर यायचे आन् होडी उलटायची!"

होडीतली माणसं हसली. शहरातल्या दोन पोरींनी न विचारताच भिकाबाईचे फोटो काढले. भिकाबाईचं लक्ष पाण्यावर होतं. एवढं पाणी, आणि एक घोट प्यायच्या कामाचं नाही.

थावरा सांगायचा, आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर याच दर्याचं मीठ लादून घाट चढवायचे. सासूकडून आलेलं एक गाणं होतं. ते तिच्या ओठांवर आपसूक आलं:

*लाखाचा गं तांडा, गेला मिठाच्या गावाला*
*बैल आले घरी, धनी दर्यानं ठेवला*

*दर्या सोयरीया, तुझं मीठ घे माघारी*
*माझ्या गं लाडक्याला, धाड भाकरीच्या घरी*

"काय म्हणून राहिल्या?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"हिशेब मागून राहिले," भिकाबाई म्हणाली.

किल्ला जवळ आला. काळा, पाण्यातून सरळ उगवलेला. दरवाजा कुठं दिसेना, नुसतीच भिंत. होडी अगदी अंगाशी गेली तेव्हा दोन बुरुजांच्या बेचक्यात दार उघडलं, आणि दारातल्या पायऱ्यांवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. उतरणाऱ्या एकेकाला हात देत होता.

"सावकाश, मावशी. या. सावकाश, काका."

भिकाबाईच्या फेट्याचे आरसे उन्हात पेटले. त्यांचे कवडसे काळ्या भिंतीवरून नाचत गेले आणि त्या माणसाच्या छातीवर, तोंडावर येऊन थांबले. त्यानं डोळे मिचकावले. मग पाहिलं.

प्रेमदास होता.

अंग भरलं होतं. मिशी काढली होती. भिवईवरचा वण तसाच. लहानपणी चुलीच्या दगडावर पडला होता तेव्हाचा. तिनं हात पुढं केला, आणि त्यानं तो धरला. त्याचा हात गार पडला होता.

"आजी," तो म्हणाला, "पायरी सांभाळा. शेवाळ आहे."

आजी.

भिकाबाई पायरी चढली. पाय कसे उचलले ते पायांनाच ठाऊक. मागं वळून पाहिलं तर दिपा पदर नाकापर्यंत ओढून, खाली बघत, नर्मदाबाईंच्या आडून पुढं निघून गेली होती.

"ओ गाईडदादा, आमाला सगळं दाखवा बरं," नर्मदाबाई म्हणाल्या. "कुठले तुमी?"

"इथलाच, मावशी. बापजाद्यांपासून याच पाण्यावर."

भिकाबाईनं ऐकलं. ज्याचे बापजादे मीठ लादून निघून जायचे, तो इथलाच झाला होता. तो बोलत होता छान. तोफा दाखवल्या, बुरुज दाखवले, शत्रू कसे आले आणि कसे हात हलवत परत गेले ते सांगितलं. बाप शेकोटीशी सांगायचा तसंच, हात उडवून, मध्येच थांबून. माणसं माना डोलवत होती. तो फक्त एका बाजूला बघत नव्हता.

मधोमध दगडी तळं होतं. "चारही बाजूंनी खारं पाणी, आणि हे बघा, हे मात्र गोडं," तो म्हणाला. "तीच या किल्ल्याची करामत."

भिकाबाई पुढं झाली.

"गाईडसाहेब, एक इचारू का?"

त्याचा हात हवेतच राहिला. "विचारा."

"हितं धक्क्याचं काम करताना एक गडी बुडाला म्हनं. तीन साल झाले."

"ऐकलं होतं. परगावचा होता कुणी."

"सापडला का?"

तळ्यात एक पान पडलं. तो त्या पानाकडं बघत म्हणाला, "नाही. नाही सापडला."

"मंग त्याच्या मायनं काय करावं?"

नर्मदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांना वाटलं, म्हातारी पोराच्या आठवणीनं बोलतेय. प्रेमदासनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"चला," तो सगळ्यांना म्हणाला, "भरती लागेल. होडी सुटायची वेळ झाली."

उतरताना वळणावर अंधारी पायरी होती. बाकीची माणसं पुढं गेली आणि तो मागं राहिला. तिथं, कित्येक दिवसांनी, तिच्या कानाशी तिच्या घरची, आईला मारायची हाक आली.

"याडी."

तिनं भिंत धरली.

"याडी, हितं कुणाला सांगू नको. मला हितं बायकू हाय, लेकरू हाय. तिला, तिच्या घरच्यांला सांगितलं हाय का माझं मागं कुणीच न्हाई."

भिकाबाई वाट पाहत राहिली. दिपा कशी आहे, हे तो विचारेल. माय एकटी कशी जगते, हे विचारेल. पण त्याच्याजवळ एवढंच होतं.

"तो फोन तूच करायला लावला व्हता?"

तो पायानं पायरीवरचं शेवाळ खरवडू लागला.

"आजीच म्हन," भिकाबाई म्हणाली. "आजीच बरं वाटत व्हतं."

*

त्याच होडीतून तोही परत आला, शिडाच्या पलीकडच्या टोकाला बसून. दिपा भिकाबाईला खेटून बसली. होडी लाटेवर वरखाली होत होती, नर्मदाबाई देवाचं नाव घेत होत्या, शिडाची दोरी करकरत होती. भिकाबाईला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग ध्यानात आलं. घुंगरं वाजत नव्हती.

तिनं पदराआड पाहिलं. दिपानं कानाशी दोन्ही हात नेऊन घुगरीचे दोन्ही झुबके मुठींत आवळून धरले होते. बोटं पांढरी पडली होती. केव्हापासून धरले होते कोण जाणे. त्या दारापासून असतील.

"दिपा, तुला काही दिसलं का गं तिथं?"

"न्हाई, याडी," दिपा म्हणाली. "मला काईच न्हाई दिसलं. तुमाला?"

"मला बी न्हाई."

दोघी पाण्याकडं बघत राहिल्या.

धक्क्यालगत नारळाच्या झापांखाली एक बाई कोकम सरबत विकत होती. होडी टेकताच तिच्या मांडीवरून एक चिमुरडी सुटली आणि "बाबाऽ" करत धावली. प्रेमदासनं तिला उचललं नाही. ती त्याच्या पायाला झोंबून कंटाळली, मग तिला आरसे दिसले. ती थेट भिकाबाईपाशी आली आणि फेट्यावरच्या एका आरशावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, मी आहे यात."

भिकाबाई खाली बघत राहिली. त्या एवढ्याशा गोल आरशात एक एवढंसं तोंड होतं. कपाळ थावराचं.

"हाय गं माय," ती म्हणाली. "तू हायेस."

"आजी, बसा ना, दमलात," सरबतवाली म्हणाली. हसरी बाई होती, तिच्या मनात काही पाप नव्हतं. "घ्या, थंडगार आहे."

एक शब्द पुरे होता. तो भिकाबाईच्या जिभेवर आला होता. गोड सरबताच्या त्या पेल्याकडं, त्या हसऱ्या तोंडाकडं, त्या पोरीच्या कपाळाकडं तिनं पाहिलं आणि तो शब्द गिळला. मिठाच्या खड्यासारखा उतरला.

मग ती वळली आणि वाळूतून सरळ पाण्याकडं चालू लागली.

"अगं बाई! भिकाबाई! कपड्यानिशी कुठं?" नर्मदाबाई मागून धावल्या.

"पोराची आंघोळ राह्यली व्हती, बाई," भिकाबाई वळून म्हणाली, आणि मोठ्यानं म्हणाली, झापांखालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तीन साल राह्यली. आज करून घेते."

नर्मदाबाई जिथल्या तिथं थांबल्या. व्यंकटरावांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली. भिकाबाई कमरेएवढ्या पाण्यात गेली, फेट्या फुगून वर आला, आरसे लाटेखाली बुडाले. तिनं ओंजळ भरली. "थावराच्या प्रेमदासच्या नावानं," ती म्हणाली आणि ओंजळ डोक्यावर ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. मग नाक धरून पुरी बुडाली.

वर आली तेव्हा समोर तो उभा होता, किनाऱ्यावर, पोरगी आता कडेवर. जिवंत माणसानं स्वतःच्या नावाची आंघोळ बघावी, असं कुठल्या गाण्यात नाही. ती त्याच्या बाजूनं निघून गेली, रस्त्यातल्या झाडाला वळसा घालावा तशी.

दिपा वाळूत गुडघ्यांवर बसली होती. भिकाबाईनं तिचा पदर मागं सारला आणि ओल्या बोटांनी तिच्या केसांतली घुगरी सोडवली, आधी डावी, मग उजवी. दिपा रडली तेव्हा नर्मदाबाईंनी तिला पोटाशी धरलं. "रड लेकरा, रड," त्या म्हणाल्या. "मेल्याला रडून घ्यावं."

"व्हय," भिकाबाई म्हणाली. "मेल्याला रडावं."

*

परतीच्या वाटेवर नर्मदाबाई आणि व्यंकटराव झोपी गेले तसा वसराम आरशात बघून हळूच म्हणाला, "काकी, माझं चुकलं का?"

"न्हाई रे. तू बराबर केलं."

पहाटे जीप वारंगा फाट्यावर चहाला थांबली. भिकाबाईचा फेट्या अंगावरच वाळला होता आणि वाळून लाकडासारखा ताठ झाला होता. आरशांवर मिठाची पांढरी सुकी साय धरली होती. एकातही तोंड दिसत नव्हतं. वाडवडिलांनी मीठ बैलांच्या पाठीवर आणलं. तिनं अंगावर आणलं.

"दिपा, तुझ्या बापाला फोन लाव," ती म्हणाली. "म्हनावं, येऊन पोरीला घेऊन जा. होळीची वाट बघू नका."

दिपानं फोन हातात घेतला, पण लावला नाही. तिच्या कानांशी केस चपटे बसले होते, घुगरीच्या जागी. ती मान हलवे आणि आवाज होत नसे. भिकाबाई सारखी त्या कानांकडं बघत होती.

"याडी, घुगरी तिकडं नेऊ का? तुमची शेवटची खूण म्हणून?"

भिकाबाईनं पदराची गाठ चाचपली. आत चांदी किणकिणली.

"तिकडं तुला नवी घेतील," ती म्हणाली. "ही ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. घरात रातच्याला काही तरी वाजाय लागतं."