घरातून रस्ता काढावा

मी एक जुना लाकडी फासा आहे. मित्रांनो, जुना म्हटले म्हणून लगेच हळहळू नका. माझे कोपरे अजून शाबूत आहेत, आणि मी केले आहे तेवढे काम फार थोड्या फाशांच्या वाट्याला येते.

माझा जन्म एका मोडक्या स्टुलाच्या पायातून झाला. नकाशे काढण्याची नोकरी करणाऱ्या एका ताईंनी मला करवतीने कापले, पॉलिश पेपरने घासले आणि माझ्यावर चित्रे काढली. दोन बाजूंना घर, दोन बाजूंना रस्ता, एकीवर बाग आणि एकीवर विहीर. त्यांनी रचलेला खेळ अगदी हलकाफुलका होता. प्रत्येकाने चौकोनांचा एक कागद घ्यायचा, मला टाकायचे आणि वर येईल ते चित्र एका चौकोनात काढायचे. वीस मिनिटांत कागदावर शहर उभे राही.

ताईंचे आधीचे दोन खेळ छापखान्यातून साभार परत आले होते. "हाही परत आला ना, तर सगळं माळ्यावर टाकणार," असे त्यांनी धाकट्या भावाला सांगून टाकले होते. मला माळ्यावर जायचे नव्हते, आणि ताई हरलेल्या तर मला मुळीच पाहायच्या नव्हत्या.

छापखान्यातल्या परीक्षकबाईंची एक कडक पद्धत होती. डाव संपेपर्यंत खेळ रचणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. "लोकांच्या घरी तुम्ही समजावून सांगायला जाणार आहात का?" असे म्हणून त्यांनी ताईंना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवले. मग त्या आणि छापखान्याचे मालक, म्हणजे सगळ्यांचे काका, खेळायला बसले.

सुरुवात झकास झाली. मी घर दिले, पुन्हा घर दिले, बाग दिली, आणि बघता बघता दोघांच्याही कागदावर पाच-पाच घरे झाली. काका तर घरांना खिडक्यासुद्धा काढू लागले. मग मी रस्ता दिला. बाईंनी नियम वाचला, "रस्ता पडल्यास कोणत्याही एका घरातून रस्ता काढावा."

"घरातून? म्हणजे घर पाडायचं की काय?" काकांनी विचारले.

"लिहिलंय तर तसं. पुसा."

ताईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पटावरच्या चौकोनाला आपण घर म्हणतो, तेच त्यांच्या मनात होते. पण बोलायची सोय नव्हती. आणि मी? तो पहिला धरून लागोपाठ चार वेळा रस्ताच पडलो. पडणे माझ्या हातात नाही, मुळात मला हातच नाहीत, तरी मला फार वाईट वाटले. शहरभर रस्ते झाले आणि राहायला माणूस उरेना.

पाचव्यांदा रस्ता पडला, तेव्हा काकांकडे एकच घर उरले होते. त्यांनी खोडरबर उचलला आणि परत खाली ठेवला.

"हे नाही पुसणार मी. हरलो तरी चालेल. आत्ता कुठे याला खिडकी काढलीय."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या ताईंकडे वळल्या. "आता बोला. घरं पाडायचा खेळ आहे का हा?"

"नाही हो! घर म्हणजे चौकोन!"

"मग चौकोन लिहा ना, ताई!" आणि तिघेही खदखदून हसले. दुसरा डाव नीट झाला. बाईंनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचला, "नियमाची भाषा सुधारावी. खेळ छापावा. वीस मिनिटांत माणसाचा घरावर जीव जडतो."

ताईंचे डोळे भरून आले. मला तर आधीपासून खात्री होती.

आता दुकानांतून माझे गुळगुळीत प्लास्टिकचे भाऊबंद मिळतात. मधले काही महिने मी कपाटाखाली धूळ खात पडलो होतो, हेही सांगून टाकतो. झाडू मारताना मी ताईंच्या धाकट्या भावाच्या हाती लागलो. ताईंनी मला पुसले आणि जपून ठेवलेल्या काकांच्या त्या पहिल्या डावाच्या कागदावर ठेवले, तो वाऱ्याने उडू नये म्हणून.

मित्रांनो, डाव संपला की फासे मोजून पेटीत ठेवा. कपाटाखाली फार एकटे वाटते. आणि नियम कळला नाही, तर पुसण्याआधी कुणाला तरी विचारा. पुसलेल्या चार घरांचे डाग या कागदावर अजून दिसतात. त्यांच्या मधोमध काकांचे खिडकीचे घर आहे, आणि त्याच्यावर पहाऱ्याला मी बसलो आहे.