न्हाणीघरातला वास

वास पहिल्यांदा आला तेव्हा मी सलिललाच हुंगलं. दहा महिन्यांच्या बाळाची आई आधी तेच करणार. लंगोट कोरडा होता. मानेच्या वळीत नुसता दुधातेलाचा वास. तिथे मी उगाच जरा जास्त वेळ नाक खुपसून बसले. मान वर केली तर तो होताच. आंबूस, कुजका, मागच्या न्हाणीघराच्या बाजूने येणारा.

कर्वेनगरातला हा बंगला माझ्या सासऱ्यांनी बांधला. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता इथे आमोद, मी, सलिल आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. आई शाळेत गणित शिकवायच्या. समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बोलायची सवय अजून तशीच आहे. माझी बाळंतपणाची रजा संपली, मी पुन्हा हिंजवडीला जायला लागले, आणि सलिल दिवसभर त्यांच्या ताब्यात आला. मी पाळणाघराचं नाव काढलं होतं, तर म्हणाल्या, "का? मी काय मेले?"

तेव्हापासून सलिल भरेना. डॉक्टरांच्या काट्यावर पहिल्यांदा तेवढाच राहिला, नंतर चक्क उतरला. दंडावरच्या वळ्या गेल्या. त्या इवल्या हातातून रक्त काढलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही.

"नीट खातो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज वाटी रिकामी असते," मी म्हटलं. असायचीच. सकाळी मी खिमट करून जायची, आई दुपारी भरवायच्या. संध्याकाळी मी आले की सलिल माझ्या अंगावर अक्षरशः झेप घ्यायचा, आणि रात्रभर पीत राहायचा. मला वाटायचं, दिवसभराची आठवण काढतोय पिल्लू.

डॉक्टर म्हणाले, घरात ओल, ड्रेनेज, मेलेला उंदीर असं काही आहे का बघा, पोटात काही जात असेल. त्यांनी सहज म्हटलं असेल, पण माझ्या मनात त्या दोन गोष्टींची गाठच बसली. घरात काहीतरी कुजतंय, आणि ते माझ्या बाळाला खातंय. वास सापडला की बाळ भरेल. एवढंच धरून मी कामाला लागले.

मला मेलेला उंदीर हवा होता. देवापुढे उभी राहून मी तो मागितला आहे. उंदीर सापडला की बाहेर टाकता येतो.

दिवाण ओढला. माळा उतरवला. फ्रिजमागे, शिलाई मशिनच्या खाली, जुन्या गाद्यांच्या घडीत, सगळीकडे बॅटरी मारून पाहिलं. एका शनिवारी महिपती प्लंबरला बोलावलं. त्याने न्हाणीघराची जाळी काढली, हात कोपरापर्यंत आत घातला, बाहेरचं चेंबर उघडलं.

"वहिनी, लाईन एकदम क्लिअर हाय. पानी बगा कसं पळतंय."

"मग वास?"

"बंगला जुना हाय. वास बी जुनाच असनार."

आई दारात सलिलला कडेवर घेऊन उभ्या होत्या. "जाळी काढलीत, चेंबर काढलंत," त्या म्हणाल्या, "आता पायाही उकरून बघा. मी बाहेर खुर्ची टाकून बसते तोवर."

महिपती हसला. मीही हसले. त्या मला म्हणाल्या, "अगं, येतोय वास तर येऊ दे. भाडं मागतोय का तो तुझ्याकडे?"

जिचे टोमणे असे धारदार, तिच्याबद्दल कोणाच्या मनात काय येणार?

मग त्या सोमवारी आमची कंपनीची बस चांदणी चौकाजवळ बंद पडली. दुसरी कधी येईल कोणी सांगेना, वाट बघता बघता दुपार झाली. मी टीम लीडला मेसेज केला, घरूनच करते म्हणून, आणि रिक्षाने परत आले. सलिलच्या झोपेची वेळ झाली असेल म्हणून बेल न वाजवता मागच्या दाराने आत शिरले.

बोळातून स्वयंपाकघर दिसतं. सलिल त्याच्या खुर्चीत, समोर आई पाटावर, हातात चांदीची वाटी. आईंनी चिमूटभर खिमट उचललं, सलिलच्या चेहऱ्याभोवती तीनदा ओवाळलं. "आल्यागेल्याची दृष्ट जळो." सलिलने तोंड उघडलं. आई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तो घास घेऊन न्हाणीघरात गेल्या. तांब्याच्या बंबाचं झाकण वाजलं. गिझर आल्यापासून तो बंब कोपऱ्यात नुसता उभा आहे. त्याच्या मधल्या नळीत पूर्वी लाकूड-कोळसा जळायचा आणि भोवतीचं पाणी तापायचं. पहिला घास ओवाळून त्या नळीत, विस्तवात टाकायचा, ही त्यांच्या सासूबाईंची रीत. आमोदच्या वेळी त्यांनीही पाळली होती. हौसेने सांगायच्या मला.

मला गंमत वाटली. गणिताच्या बाई आणि दृष्ट! मी हाक मारणार, तेवढ्यात आई परत येऊन बसल्या, हात पुसला आणि म्हणाल्या, "चला सोनू, पहिला घास ओवाळायचा हं."

पुन्हा चिमूट. पुन्हा ओवाळणं. सलिलने पुन्हा आ केला. आई पुन्हा उठल्या.

परत आल्या. "चला सोनू, पहिला घास."

मी भिंतीला धरून उभी होते. मला समजलं होतं, तरी मी बघतच राहिले. तो दरवेळी तोंड उघडत होता. रडत नव्हता. त्याला वाटत असावं, जेवण म्हणजे हेच. तोंड उघडायचं आणि वाट बघायची. आई गुणगुणत होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा पुन्हा उठत होत्या. पुन्हा पुन्हा त्याची दृष्ट काढत होत्या. वाटी खरवडून बोटाला लागलेलं तेवढं त्यांनी त्याला चाटवलं, आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

"शहाणं माझं बाळ. सगळं संपवलं."

मी आत गेले.

"अगं! आज लवकर? कंपनी बंद पडली वाटतं, तुला कंटाळून."

"जेवला का तो, आई?"

"हा काय, आत्ताच. वाटी बघ."

मी सलिलला उचललं. त्याने माझी ओढणी मुठीत धरून तोंडात कोंबली. त्याला तसाच पाजत पाजत मी न्हाणीघरात गेले आणि एका हाताने बंबाचं झाकण उचललं. नळी वरपर्यंत भरलेली होती. वरचं पांढरं, खाली हिरवं, त्याखाली काळं. हलत होतं. मी सलिलचा चेहरा माझ्या अंगाशी दाबून धरला आणि झाकण लावलं.

"आई, बंब कोण पेटवतं हल्ली?"

"कोण म्हणजे? हेच पेटवतात की सकाळी. तू उठतेस कुठे तेव्हा!"

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं की मी क्षणभर सासऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं.

आमोदला संध्याकाळी सांगितलं, तर तो चिडलाच. "काहीतरी काय बोलतेस! सकाळीच तिने मला सुनावलंय, शर्ट आहे का पायपुसणं म्हणून. असं बोलणाऱ्या माणसाला काय झालेलं असणार?"

"तू बंब उघड."

त्याने उघडला. मग बराच वेळ तो आत होता. बादलीचा आवाज येत राहिला, मोडक्या झाऱ्याने खरवडल्याचा येत राहिला. आई हॉलमधून ओरडल्या, "आमोद, तांबं आहे ते! चिंच लाव, घासणी नको!" तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "फिनेलने झोंबलं."

आईंना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. आई तिथेही त्यांना म्हणाल्या, "वार काय विचारता? कॅलेंडर लावा की भिंतीवर." सगळे हसले. वार मात्र त्यांनी सांगितला नाही. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर घेऊन सांगितलं की हे विसरणं वाढत जाणार. गोळ्यांनी फार तर थोडं सावकाश.

वास गेला. सलिल पाळणाघरात जाईल, असं आमोद म्हणाला. पण मग आईंजवळ कोण? त्यांच्यासाठी बाई ठेवली, ती दोन दिवसांत पळाली. "माझ्याच घरात माझ्यावर पहारा?" असं म्हणून आईंनी तिला उंबऱ्याबाहेर उभी केली. त्यानंतर त्या गॅस सुरू ठेवून देवापुढे जाऊन बसल्या. मी राजीनामा लिहिला. आमोदने तो वाचला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. माझ्याऐवजी त्याने लिहायला हवा होता असं नाही. कोणीतरी लिहायला हवाच होता.

आता दोघं झोपली आहेत. एक आतल्या खोलीत, एक माझ्या मांडीवर. दुपारचं एवढंच माझं.

सलिल भरतोय थोडा थोडा. पण घास समोर आला की आधी माझ्याकडे बघतो, तोंड उघडतो, आणि घास आत गेल्यावर दचकतो. हे कधी जाईल मला माहीत नाही.

आई रोज जेवणाच्या वेळी पाट घेऊन शेजारी येऊन बसतात. रोज विचारतात, ऑफिस नाही का. मी रोज सांगते, आज सुट्टी. सांगितलेलं दुसऱ्या दिवशी उरत नाही, म्हणून रोज त्यांचा चेहरा तसाच उतरतो. पोराला सांभाळायचं हे एकच काम त्यांना उरलं होतं, आणि ते मी काढून घेतलं, हे त्यांना रोज नव्याने कळतं.

"तू जा गं," आजही म्हणाल्या. "मी बघते त्याला. आजवर कधी उपाशी ठेवलंय का मी याला?"

त्यांचा हात पुढे आला होता. सुरकुतलेला, स्वच्छ धुतलेला.

"नाही, आई," मी म्हटलं. "कधीच नाही."

आणि वाटी माझ्याच हातात धरून ठेवली.